सोलापुरी सुताचं विणलेलं फडकं पाणीच पीत नाहीये, काय चुकलं?

जुळेसोलापूरकरीण

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, जागा चुकली असेल तर हलवा.

मागच्या वर्षीपासून क्रोशा शिकतेय. आधी सगळ्या करतात तेच केलं, रुमाल, तोरण, नणंदेच्या रुखवतात ठेवायला एक हंस पण केला. पण आता टीव्ही भिंतीवर गेलाय, फ्रिजवर झाकण टाकायची पद्धत गेली, रुमाल घालणार कशावर? म्हणून म्हटलं रोज हाताला लागेल असं काहीतरी करू, ओट्यावरची फडकी करू, भांडी पुसायला वेगळं, ओट्याला वेगळं. सासूबाई म्हणाल्या "टॉवेलच्या गावात राहून फडकी विणालीस व्हय? कुणाला सांगू नको बाई."

सूत विकत नाही घेतलं. ह्यांच्या मित्राचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत लूम आहेत, त्यांनी कोनाच्या (सुताच्या मोठ्या रिळाच्या) बुडाला उरलेलं सूत दिलं पिशवीभर. दोन वीस आहे म्हणाले. रंग न दिलेलं, सायीसारखं पिवळट, मधे मधे सरकीचे काळे ठिपके. लई बारीक म्हणून आठ धागे एकत्र धरले आणि ४ मिमीच्या सुईने विणलं. ९ इंच बाय ९ इंच. दिसायला एक नंबर.

आणि पाणी पीत नाही!! ताट पुसलं तर पाणी नुसतं इकडून तिकडं सरकतं. फडक्यावर एक थेंब टाकून बघितला तर अळवावरच्या पाण्यासारखा गोल बसून राहिला, घड्याळ लावलं, दोन मिनिटं झाली तरी तसाच. दोनदा मशिनला लावून झालं, दुसऱ्या वेळी मऊ व्हावं म्हणून ते कपडे मऊ करायचं लिक्विड पण घातलं, त्यानंतर उलट जास्तच बिघडल्यासारखं वाटतंय. हे कॉटनच आहे ना? का गोड बोलून भलतंच दिलं? चार फडकी झालीत, पाचवं सुईवर आहे. थांबू की करू?

भाकरतुकडा

टॉवेल घ्या, चार तुकडे कापा, कडा शिवा. विषय संपला.

सुईमावशी

भाकरतुकडा भाऊ, विषय संपवायला कुणी बोलावलं होतं का तुम्हाला 😄 

जुळेसोलापूरकरीण, थांबू नकोस, पाचवं पूर्ण कर. मी पण मूळची सोलापूरची, आता पुण्यात असते. सुताची जाणकार मंडळी सांगतीलच, पण एक विचारते, टाका कुठला घातलायस? फार घट्ट विणलं असेल तरी पहिले काही दिवस पाणी आत शिरत नाही. फोटो टाक.

जुळेसोलापूरकरीण

मावशी, फोटो चढत नाहीये, साईझ मोठी म्हणतंय. टाका म्हणजे एक मुका खांब (तो बुटका टाका), एक साखळी, एक सोडून परत मुका खांब, आणि पुढच्या ओळीत त्या साखळीच्या भोकात मुका खांब. घट्ट नाही, बोट दाबलं की दबतं.

कांडीवाला

ताई, भलतंच बिलतं काही नाही दिलं तुम्हाला. उलट अस्सल दिलंय म्हणून तर ही पंचाईत. ते कच्चं सूत आहे. सरकीचे ठिपके दिसतात म्हणता ना, तिथंच कळलं. आमचा जन्म साखर पेठेत गेला, वडील लूमवर, मी पण तीस वर्षं लूमवर, म्हणून जरा लांबड लावतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

कापसाच्या तंतूवर मुळातच मेणासारखं काहीतरी असतं, झाडावर बोंड उघडं पडतं तेव्हा पावसात भिजून कुजू नये म्हणून देवानं दिलेला रेनकोट समजा. गिरणीत सूत काततात तेव्हा ते जात नाही, उलट त्या मेणामुळे कातायला बरं पडतं. ते जातं कधी, तर प्रोसेसला, म्हणजे सूत किंवा कापड सोड्यात उकळतात तेव्हा. बाजारातला टॉवेल असा उकळून, ब्लीच होऊन तुमच्याकडं येतो म्हणून पाणी पितो. तुम्ही मधलं स्टेशन गाळून डायरेक्ट कच्च्या सुताचं फडकं केलंय.

आता दुसरी गोष्ट. सूत कोनावरचं होतं की बीमवरनं काढलेलं? कोनावरचं असेल तर नुसतं मेण. बीमवरचं म्हणजे ताण्याचं, लूमवर लांबीला ताणून लावतात त्या धाग्यांचं असेल तर त्याला खळ दिलेली असते, लूमवर धागा घासून तुटू नये म्हणून. हाताला कांजी केलेल्या साडीसारखं कडक लागलं तर खळ आहे समजा. मग आधी रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायचं, पाणी बुळबुळीत होईल, ते टाकून द्यायचं, आणि मग उकळायचं.

आणि नंबरचं सांगतो कारण पुढं सूत मागायला जाल तेव्हा उपयोगी पडंल. नंबर म्हणजे एका पौंडात ८४० वाराच्या किती लड्या बसतात ते. वीस नंबर म्हणजे वीस लड्या. नंबर वाढला की सूत बारीक, लोकांना उलटं वाटतं. दोन वीस म्हणजे वीस नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेले, म्हणजे जाडीला दहा नंबरएवढं, पौंडाला ८४०० वार. तुम्ही आठ धरले म्हणजे पौंडाला १०५० वार, शंभर ग्रॅमला साधारण २१० मीटर. ४ मिमीच्या सुईला बरोबर बसतंय. कुणी शिकवलं हो तुम्हाला आठ धरायला?

जुळेसोलापूरकरीण

कुणी नाही काका, सहा धरले तर भोकं दिसत होती आणि दहा धरले तर सुईतून निसटत होते 🙈

कोनावरचंच आहे, हाताला मऊ लागतं. म्हणजे नुसतं मेण. उकळायचं म्हणजे कसं ते सांगा ना, साबण घालून का?

टेस्टट्यूब

कांडीवाला काकांनी सगळं सांगितलंय, मी फक्त उकळायचं सांगतो. धुण्याचा सोडा आणा, किराणा दुकानात मिळतो. खायचा सोडा नाही, धुण्याचा. एक लिटर पाण्याला एक छोटा चमचा, वर कपड्याच्या साबणाची पावडर चिमूटभर. पाण्यात फडकी पूर्ण बुडली पाहिजेत, वर काठीने दाबत राहायचं, बारीक उकळी तासभर. नुसत्या गरम पाण्याने मेण वितळतं खरं, पण पाणी गार झालं की परत सुतावरच बसतं. सोडा आणि साबण दोन्ही असले की ते पाण्यात मिसळून वाहून जातं.

ते मऊ करायचं लिक्विड मात्र कायमचं बंद करा. त्याचं कामच मुळी तंतूवर एक स्निग्ध थर चढवायचं असतं, हाताला मऊ लागतं ते त्या थरामुळे, आणि पाणी अडतं तेही त्याच थरामुळे. म्हणजे मेण होतंच, तुम्ही वर अजून एक हात मारलात. टॉवेल, फडकी, बाळाचे लंगोट, यांना ते कधीच घालू नये.

तपासायची रीत तुम्ही आपोआप शोधलीत, थेंब टाकून बघायची. उकळून वाळवल्यावर परत टाका, पाच सेकंदात आत गेला पाहिजे.

अक्कलकोटची

मध्येच घुसते. मी ऑनलाइन 'सॉफ्ट कॉटन' म्हणून सूत मागवलं, सहा गुंड्या, रंग इतके सुंदर की बघत राहावं. त्याचं फडकं केलं, ते पण पाणी पीत नाही. मी पण उकळू का सोड्यात??

टेस्टट्यूब

आधी जाळून बघा. वीतभर धागा चिमट्यात धरून गॅसवर, सिंकपाशी उभं राहून. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटात चुरली की उडून जाणारी करडी राख राहिली तर कॉटन. वितळून काळा कडक मणी झाला तर अॅक्रिलिक नाहीतर पॉलिस्टर.

अक्कलकोटची

मणी 😭😭 सहाच्या सहा गुंड्यांचा मणी.

सुईमावशी

वाईट वाटून घेऊ नकोस, त्याची घासणी कर. अॅक्रिलिक पाणी पीत नाही म्हणून फडक्याला निकामी, पण त्याच कारणानं घासणी झटकली की वाळते. फक्त गरम तव्याला लावू नकोस, वितळून चिकटेल. आणि भांडी उतरवायला धरायचं कापड तर त्याचं अजिबात करू नकोस, हाताला चटका बसेल.

भाकरतुकडा

म्हणजे एवढं करून काय तर एक फडकं. किती वेळ लागतो हो एकाला?

जुळेसोलापूरकरीण

दोन तास. वेगवेगळ्या दिवशी अर्धा अर्धा तास करून.

भाकरतुकडा

दोन तासात मी हुरडा खाऊन, झोपून, परत हुरडा खाईन.

कांडीवाला

अहो तुकडासाहेब, टॉवेलला जे पाणी पिता येतं ते त्याच्या फासांमुळं. टेरी म्हणजे काय, ताण्याचे दोन बीम, एक ताणलेला, एक ढिला, ढिल्याचे फास वर उठतात. त्या फासात पाणी धरून राहतं. बाईंच्या विणकामात पण तसंच उंचसखल आहे, फक्त हातानं केलेलं. आणि टॉवेल कापून शिवलेला तुकडा तुमच्या घरी किती दिवस टिकतो? कडेनं फास निघून लोंबायला लागतात का नाही? ह्याला कापलेली कडाच नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे म्हणून आम्ही छाती काढून फिरतो, पण टॉवेलचा चिंधी झालेला तुकडा काय जीआय नव्हे.

भाकरतुकडा

काकांपुढे बोलायची सोय नाही. गप बसतो.

जुळेसोलापूरकरीण

सगळ्यांना धन्यवाद. सोडा आणलाय. पण आमच्याकडं पाणी परवा येणार, टाकीत आहे ते स्वयंपाकाला जपून वापरायचंय. उकळायचं म्हणजे तीन चार लिटर, मग खळबळायला अजून दोन तीन बादल्या, तेवढी चैन आज नाही. पाण्याच्या दिवशी करते आणि सांगते. तोपर्यंत पाचवं पूर्ण करते.

अक्कलकोटची

तोपर्यंत विणायची रीत तरी नीट लिही ना. मी एका व्हिडिओवरून केलं, त्यात डबल क्रोशे म्हणत होती म्हणून खांब घातले तर सगळं जाळीदार झालं, ताट पुसताना बोटं बाहेर.

सुईमावशी

ती बाई इंग्लंडची असणार. त्यांचा डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, आणि अमेरिकेतल्या बायकांचा डबल क्रोशे म्हणजे आपला खांब. तोच शब्द, दोन वेगळे टाके. माझं एक अख्खं बाळाचं टोपरं ह्या भानगडीत मोठ्या माणसाच्या मापाचं झालं होतं. लक्षात ठेवायची खूण अशी की सांगणारीनं कुठंही सिंगल क्रोशे हा शब्द वापरला तर ती अमेरिकन पद्धत, कारण इंग्लंडवाल्या तो म्हणत नाहीत. आपलं मराठी बरं, मुका तो मुका, खांब तो खांब.

फडक्याला खांब नकोच. उंच टाका, मधे फट, आणि काट्याचमच्याचं टोक अडकतं.

जुळेसोलापूरकरीण

मी केलं ते सांगते. साखळ्या सम आकड्यात घ्यायच्या, मी ३२ घेतल्या. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला मुका खांब, मग एक साखळी, एक सोडून मुका खांब, असं शेवटपर्यंत. वळताना दोन साखळ्या. पुढच्या ओळीला खालच्या मुक्या खांबात सुई घालायचीच नाही, फक्त साखळीच्या भोकात. एवढंच. मोजायचं काही नाही, शेंगा सोलत बसल्यासारखं हात चालतो. चौकोन झाला की चारी बाजूनी मुक्या खांबांची एक फेरी, कोपऱ्यात तीन तीन, आणि शेवटच्या कोपऱ्यावर १२ साखळ्यांचा फास, खुंटीला अडकवायला. वजन केलं तर एक फडकं ३५ ग्रॅम भरलं.

आठ धागे सांभाळायची युक्ती सांगते, माझी एकमेव शोधबुद्धी. कोन एकच असेल तर आधी त्यातून सात छोट्या गुंड्या करून घ्यायच्या. सगळं पिठाच्या जुन्या डब्यात. झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं, भोकाची कड धाग्याला कापू नये म्हणून त्यात पडद्याची प्लास्टिकची रिंग बसवली, आठही धागे त्यातून एकत्र बाहेर. गुंड्या आत उड्या मारतात, बाहेर एकच धागा. डबा पायाशी ठेवायचा. मांजर असेल तर झाकण घट्ट लावा, अनुभव आहे.

कांडीवाला

वा. डब्याची आयडिया आवडली. फक्त एक सुधारणा. आठ धागे नुसते शेजारी शेजारी असले की सुई मधनं घुसते आणि एखादा सुटतो. जवळपास डबलिंगवाला ओळखीचा असेल तर आठ पदर एकत्र हलका पीळ मारून घ्या. थोडं सूत असेल तर तो हसंल पण कोन दोन कोन ओळखीवर करून देईल.

आणि धागा संपला तर? गाठ कुठली मारता?

जुळेसोलापूरकरीण

साधी. दोनदा. फुगते आणि धुतल्यावर सुटते पण 😔

सुईमावशी

गाठ मारूच नये, दोन्ही टोकं सहा सहा इंच सोडायची आणि मोठ्या नाक्याच्या सुईनं तीन वेळा दिशा बदलून टाक्यांच्या पोटातून ओवायची. कॉटन गुळगुळीत, लोकरीसारखं एकमेकाला धरून बसत नाही, एकाच दिशेनं ओवलं तर चौथ्या धुण्याला शेपूट बाहेर.

कांडीवाला

मावशींचं बरोबर आहे जिथं सगळे धागे एकदम संपतात तिथं. पण आठातला एकच संपला तर त्या एकट्यासाठी विणकरगाठ मारा. लूमवर एका हातानं मारतो आम्ही, ताण्याचा धागा तुटला की मशिन थांबवून सेकंदात. एवढीशी होते, फणीतून पण निघून जाते. लिहून सांगता येत नाही, आमच्या भागात कुठल्याही लूमवर पाच मिनिटं उभ्या राहा, दिवसातनं पन्नास वेळा बघायला मिळंल. फक्त आठही पदरांच्या गाठी एका ठिकाणी येऊ देऊ नका, एक इथं तर दुसरी चार ओळी सोडून.

लातूरकर_पोर

विषयांतराबद्दल माफी पण सोलापूरचे लोक आहात तर, शेंगाचटणी पार्सलने मागवली तर किती दिवस टिकते

भाकरतुकडा

ती टिकत नाही. संपते.

जुळेसोलापूरकरीण

आले आले आले. पाणी आलं, फडकी उकळली, पण आधी वाईट बातमी.

तीन लिटर पाणी, तीन चमचे सोडा, साबण, सगळं टेस्टट्यूब दादांनी सांगितलं तसं. पातेलं मात्र घेतलं जर्मलचं, ओट्याखाली पडलं होतं मोठं, म्हटलं चांगल्या स्टीलच्याला कशाला राबवा. उकळी आल्यावर बारीक बारीक बुडबुडे कडेने यायला लागले, मला वाटलं सोडाच आहे तो. तासाभरानं फडकी बाहेर काढली तर पातेलं आतून काळं ठिक्कर. जिथंपर्यंत पाणी होतं तिथंपर्यंत काळं, वर पांढरं, रेघ मारल्यासारखं. आणि पातेलं माझं नाही, सासूबाईंच्या माहेरचं आहे. त्या सध्या अक्कलकोटला गेल्यात, उद्या संध्याकाळी येतील.

चांगली बातमी. पाणी अगदी चहासारखं तपकिरी झालं, वास ओल्या बारदानासारखा. तीन पाण्यातून खळबळून काढली, ते पाणी साठवून संडासला वापरलं. छपरावर वाळत टाकली, आपलं ऊन काय विचारता, दीड तासात कडकडीत. मग थेंब टाकला.

टाकला म्हणजे, दिसलाच नाही. टेकला आणि गेला. मला वाटलं चुकून बाजूला पडला म्हणून परत टाकला. परत गेला. पाचही फडक्यांवर टाकून झालं, मग मुलाला बोलावून दाखवलं, त्याला काही विशेष वाटलं नाही. रात्री जेवणाची सगळी भांडी एकाच फडक्यानं पुसली.

आटली मात्र. ९ इंचाची सव्वाआठ झाली. आणि सरकीचे ठिपके बरेचसे गेले, रंग पण फिका झाला.

कांडीवाला

आटणारच, सूत ताणाखाली कातलेलं असतं, गरम पाण्यात गेलं की सैल पडून आपल्या जागी येतं. एकदाच आटलं, आता फारसं नाही आटणार. पुढच्या वेळी लडी करून सूतच आधी उकळा आणि मग विणा, म्हणजे माप बदलायचं नाही. लडीला चार ठिकाणी सैल दोरे बांधा, नाहीतर असा गुंता होईल की घरातले सगळे धरून बसतील.

टेस्टट्यूब

चूक माझी, भांडं कुठलं घ्यायचं ते लिहायला हवं होतं. सोडा आणि अॅल्युमिनियम यांचं जमत नाही, ते बुडबुडे त्याचेच होते. स्टील किंवा न उडालेलं इनॅमल घ्यायचं. तांब्यापितळेचं पण नको. फडक्यांना काही झालं नाही ना? करडी झाक वगैरे?

जुळेसोलापूरकरीण

फडकी ठीक आहेत. पातेलं ठीक नाही. 

अक्कलकोटची

अगं पण आता पुढे रोज धुवायची कशी ते सांगा कुणीतरी. आणि हळदीचं काय? माझ्या जुन्या फडक्याला हळद लागली, साबण लावला तर लालभडक झाली, घाबरले ना मी.

सुईमावशी

हळद साबणाला लाल होतेच, कुंकू करतात ते ह्याच गुणावर. रंग पक्का झाला असं समजू नको. साबणानं धू, भरपूर पाण्यानं काढ, ओलंच कडक उन्हात टाक. हळदीला ऊन सोसत नाही. दोन दिवसात डाग फिकट होऊन जातो, ब्लीच लागत नाही. ब्लीच मी फडक्यांना वर्षातून एकदा सुद्धा लावत नाही, सूत कुजतं त्यानं.

हळदीपेक्षा करडईच्या तेलाला भी. आपल्याकडं करडईचं तेल खातात, फडक्याला लागलं आणि दोन चार दिवस तसंच राहिलं तर ते चिकट होऊन सुकतं, डिंकासारखं, मग साबणाला दाद देत नाही आणि तिथं पाणीही पीत नाही. म्हणून तेलकट कढई फडक्यानं पुसायचीच नाही, आधी पेपरनं पुसायची. चुकून लागलंच तर त्याच दिवशी गरम पाणी आणि साबण.

रोजचं म्हणशील तर रात्री शेवटचं भांडं झालं की साबणानं धुवून, पिळून, पसरून वाळत घालायचं. पिळा घालून नळावर लटकवायचं नाही, आतून ओलं राहतं आणि दुसऱ्या दिवशी जो वास येतो तो सगळ्या भांड्यांना लागतो. आठवड्याला एकदा उकळत्या पाण्यात दहा मिनिटं. पाच सात असली की रोज नवीन घ्यायला बरं.

अक्कलकोटची

आमच्याकडे बोअरचं पाणी, जड. धुतल्यावर फडकं पापडासारखं होतं.

टेस्टट्यूब

पाण्यातला चुना आणि साबण मिळून जो साका होतो तो सुतात अडकतो. साबण कमी घाला, लोक जास्त घालतात. आणि शेवटच्या पाण्यात, बादलीला अर्धा चमचा लिंबूसत्त्व, नाहीतर दोन चमचे व्हिनेगर, पाच मिनिटं बुडवून साध्या पाण्यातून काढा. एक लक्षात ठेवा, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व आणि ब्लीच एका बादलीत कधीही नको, विषारी वायू निघतो.

लातूरकर_पोर

रंगीत सुताचं केलं तर? व्हिनेगरमध्ये बुडवलं की रंग पक्का होतो असं आईने सांगितलं होतं

टेस्टट्यूब

आईंना नमस्कार सांगा, पण कॉटनचा रंग व्हिनेगरनं पक्का होत नाही, मिठानं पण नाही. मीठ रंगवताना लागतं, रंग सुतात जावा म्हणून. एकदा रंगवून झालं की ज्या जातीचा रंग त्याचा तेवढा पक्केपणा.

कांडीवाला

सोपी परीक्षा. रंगीत धागा ओला करा, पांढऱ्या कापडाच्या घडीत ठेवा, वरून गरम इस्त्री दाबा. कापडाला रंग लागला तर त्याची फडकी नको, पायपुसणं करा. मी तर म्हणतो ताटाला लागणारं कापड पांढरंच बरं, मळ दिसतो. रंगीत फडकं हे मळ लपवायचं साधन आहे, आमची अव्वा म्हणायची, आणि तिचा मसोता पण पांढरा असायचा.

सुईमावशी

मसोता! किती वर्षांनी ऐकला शब्द. चुलीवरनं भांडं उतरवायचा, ओट्याचा, सगळ्याचा एकच. आणि जमिनीचं ते पोतेरं, दोन्ही चुकून एक झाले तर आजी पाट फेकून मारायची.

भाकरतुकडा

गप बसतो म्हणालो होतो पण एक विचारतो. विकणार असाल तर एक द्या. बायकोनं धागा वाचला.

जुळेसोलापूरकरीण

विकणार नाही, दोन तासाचे पैसे सांगितले तर तुम्हीच परत हुरडा खायला जाल. सूत देते, डबा तुमचा, वहिनींना विणायला सांगा नाहीतर स्वतः शिका.

पण आधी कुणीतरी त्या पातेल्याचं सांगा हो!! काथ्यानं घासलं, राखेनं घासलं, हात दुखले, काळं ते काळंच.

सुईमावशी

घासू नकोस, ओरखडे पडतील आणि ते जास्त दिसतील. पातेल्यात काळ्या रेघेच्या वर येईल इतकं पाणी घाल, मूठभर चिंच नाहीतर पाच सहा लिंबांच्या साली, वीस मिनिटं खळखळ उकळ. आंबटानं काळं निघतं. मग मऊ कापडानं पूस. नवीन फडकं आहेच.

टेस्टट्यूब

चिंच चालेल. सोडा होता म्हणून काळं झालं, आता त्याच्या उलट.

जुळेसोलापूरकरीण

चिंच टाकली, उकळायला ठेवलंय. आत्ता सव्वापाच. ह्यांचा फोन आला होता, सासूबाई अक्कलकोटहून लवकर निघाल्यात, गाडी नाक्यापर्यंत आली म्हणे.

रेघेच्या वरच्या बाजूनं थोडं थोडं पांढरं व्हायला लागलंय. खालचं अजून काळं आहे.

कांडीवाला

झाकण ठेवा. आणि आमटीचं चाललंय म्हणून सांगा.